मूल बघून शिकतं की ऐकून? आधी अक्षराला विचारा

'कुर्ला' हा शब्द सावकाश म्हणून बघा. आधी कु, मग र्, मग ला. आता स्टेशनच्या पाटीवर तोच शब्द बघा. र् हा ला च्या आधी कुठेच दिसत नाही. रफार होऊन तो ला च्या डोक्यावर, तेही पार कान्याच्या टोकाला जाऊन बसलाय. कानाला आधी येणारा आवाज डोळ्याला नंतर दिसतो.

दुसरीतलं एखादं मूल हा शब्द 'कुरला' असा लिहितं. ते कानावर विसंबलं. दुसरं 'र्कुला' लिहितं. वर काहीतरी असतं हे त्याला आठवलं, पण तो कुठला आवाज, हे आठवलं नाही. पहिल्याला 'ऐकून शिकणारा' आणि दुसऱ्याला 'बघून शिकणारा' म्हणून मोकळं होता येईल. पण मग पहिल्याला आणखी ऐकवायचं आणि दुसऱ्याला आणखी दाखवायचं का? त्याने दोघांचीही चूक पक्कीच होईल. पहिल्याला पाटी नीट बघायला लावायला हवी आणि दुसऱ्याला शब्द फोडून ऐकवायला हवा.

'शिकण्याची शैली' हा शब्द मुंबईत आता पालकसभेपासून ट्यूशनच्या जाहिरातीपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. कल्पना अशी की काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, काही हाताने करून. प्रत्येकाची शैली ओळखावी आणि त्याच मार्गाने शिकवावं. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी १९९२ मध्ये त्यात 'वाचून-लिहून' हा चौथा प्रकार घालून प्रश्नावली मांडली आणि ती जगभर वापरली गेली. २००४ मध्ये ब्रिटनच्या फ्रँक कॉफील्ड आणि सहकाऱ्यांनी अशा वर्गवाऱ्यांची मोजदाद केली तेव्हा त्या ७१ निघाल्या. म्हणजे एकाच पोराला ७१ फूटपट्ट्या लावता येतात.

मग २००८ मध्ये हॅरोल्ड पॅश्लर आणि तीन मानसशास्त्रज्ञांनी सरळ प्रश्न विचारला: हे खरं असेल तर पुरावा कसा दिसायला हवा? आधी मुलांची शैली ठरवा. मग प्रत्येक शैलीतल्या अर्ध्या मुलांना त्यांच्या शैलीने शिकवा, उरलेल्या अर्ध्यांना उलट शैलीने. शेवटी सगळ्यांची एकच परीक्षा घ्या. 'बघणाऱ्यां'ना दाखवून जास्त यायला हवं आणि 'ऐकणाऱ्यां'ना ऐकवून. असा उलटसुलट फरक दिसला तरच शैलीप्रमाणे शिकवण्यात अर्थ आहे. अशा कडक पद्धतीने झालेले प्रयोग मुळात मोजकेच सापडले, आणि त्यांतल्या बहुतेकांत हा फरक दिसला नाही. तरीही २०१२ च्या एका पाहणीत ब्रिटनमधले ९३ टक्के शिक्षक ही कल्पना खरी मानत होते. कल्पना टिकते कारण तिच्यात एक खरी गोष्ट आहे: मुलांना आवडीनिवडी असतात. फक्त एखादी गोष्ट आवडली म्हणजे तिने शिकणं होतंच, असं नाही.

मोबाइलवरचं बाराखडीचं गाणं घ्या. चार वर्षांचं मूल ते तालासुरात शेवटपर्यंत म्हणतं, घरचे खूश होतात. आता कागदावर एकटं 'कु' लिहून विचारा. मूल मनातल्या मनात क, का, कि, की असं पहिल्यापासून सुरू करतं आणि बोटाने मोजत कु पर्यंत येतं, किंवा सरळ 'क' म्हणतं. गाणं आलं, अक्षर आलं नाही. हे मूल 'ऐकून शिकणारं' आहे म्हणून आणखी गाणी लावाल तर आणखी गाणीच येतील.

चित्रांचंही तसंच. 'बघून शिकतो' म्हणून ज्याला फक्त सचित्र पुस्तकं दिली जातात तो चित्रावरून अंदाज बांधायला शिकतो. पानावर घोडा असेल आणि खाली 'तट्टू' छापलेलं असेल तरी तो बिनदिक्कत 'घोडा' वाचतो. दुसरीपर्यंत हे खपून जातं. तिसरीत चित्रं लहान होतात, धडे लांब होतात आणि 'अचानक मागे पडला' अशी तक्रार येते. अचानक काही झालेलं नसतं.

देवनागरी लिपीच काही ठिकाणी डोळा मागते, काही ठिकाणी कान, काही ठिकाणी हात. काय वापरायचं हे मुलापेक्षा समोरचं अक्षर ठरवतं. हे एकदा नीट पाहिलं की पुढचं सगळं सोपं होतं.

घ आणि ध, म आणि भ, य आणि थ या तीन जोड्यांत सगळीकडे घोळ होतो. तो डोळ्याचा घोळ आहे आणि त्यावर एक पक्की खूण आहे: ध, भ, थ या तिघांची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते, घ, म, य यांची अखंड असते. सहा अक्षरं एका ओळीत मोठी, तीन-चार इंच उंचीची लिहा आणि मुलाला फक्त वरच्या रेषेवरून बोट फिरवायला सांगा. जिथे बोट अडखळतं तिथे ध, भ किंवा थ. इथे गाणं कामाचं नाही. उलट क-ख, त-थ, द-ध, ब-भ हा घोळ कानाचा आणि तोंडाचा. त्यावर तळहात ओठांसमोर धरून म्हणून बघायचं: ख, थ, ध, भ म्हणताना हाताला वारा लागतो, क, त, द, ब म्हणताना जवळपास लागत नाही. इथे अक्षर दहादा दाखवून काहीच मिळत नाही.

गंमत म्हणजे आपली जुनी 'गमभन' ही क्रमवारी हाताच्या सोयीने लावलेली आहे. ग चा हात बसला की म, भ, न सोपे जातात, वळण सारखं असतं. पण म आणि भ शेजारी-शेजारी, एकाच आठवड्यात शिकवले की डोळ्याची पंचाईत होते. हाताला सोपं ते डोळ्याला अवघड. ज्या मुलाचा आधीच गोंधळ होतोय त्याच्यासाठी या दोघांत निदान दोन आठवडे अंतर ठेवावं. पहिलं अक्षर झोपेतून उठवून विचारलं तरी यावं, मगच दुसरं.

ऱ्हस्व-दीर्घ ही तर कानाला चकवणारी गोष्ट. 'फूल' मध्ये दुसरा उकार, 'फुलाला' मध्ये पहिला. 'गरीब' दीर्घ, 'गरिबी' ऱ्हस्व. 'कवी' दीर्घ, 'कविता' ऱ्हस्व. बोलताना मराठी माणूस हा फरक क्वचितच नीट करतो, त्यामुळे 'नीट ऐकून लिही' हा सल्ला इथे फसवा आहे. इथे नियम आणि डोळा लागतो: शब्दाच्या शेवटी इ-उ आले तर बहुतेक दीर्घ, शेवटचं अक्षर नुसतं अकारान्त असेल तर त्याच्या आधीचे इ-उ बहुधा दीर्घ, पुढे प्रत्यय लागून शब्द लांबला की ते ऱ्हस्व होतात. संस्कृतातून आलेले 'गुण', 'विष' असे काही शब्द या नियमाला जुमानत नाहीत. ते बघून-बघूनच लक्षात राहतात. फूल-फुलाला, मूल-मुलाला, पूल-पुलावर अशा जोड्या एका कागदावर समोरासमोर लिहून भिंतीवर लावल्या तर श्रुतलेखनाच्या दहा तासांपेक्षा जास्त उपयोग होतो.

आणि 'च', 'ज', 'झ' यांत डोळा हरतो. 'चहा' आणि 'चमचा' यांतला च कागदावर एकच, तोंडात दोन. 'जग' आणि 'जीवन' तसंच. इथे शब्द ओळखीचा असणं हीच किल्ली. ज्या घरात मराठी बोललं जात नाही तिथलं मूल 'चमचा' मधला च 'चहा' सारखा वाचतं, आणि शिक्षकाला वाटतं याचं वाचन कच्चं. वाचन बरोबर आहे, शब्द ऐकलेला नाही.

मुलांमुलांत फरक नसतो, असं मात्र कुणी समजू नये. फरक भरपूर असतो, फक्त तो या चार खोक्यांत मावत नाही. १९८६ मध्ये फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर यांनी वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एखाद्याला भाषा पूर्ण कळते, पण अक्षरं शून्य, तर उत्तर शून्य. अक्षरं झरझर वाचतो पण शब्दच माहीत नाहीत, तरीही उत्तर शून्य. त्यामुळे मूल अडतंय म्हटल्यावर पहिला प्रश्न असा: गुणाकारातली कुठली बाजू लहान आहे?

हे घरी पंधरा-वीस मिनिटांत बघता येतं. त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचं दिसत नसेल किंवा सर्दीने कानात पाणी साठून आवाज दबके येत असतील तर कुठलीच पद्धत चालणार नाही, आणि हे पहिलीतल्या मुलाला स्वतःहून सांगता येत नाही, कारण नीट दिसणं-ऐकणं कसं असतं हेच त्याला माहीत नसतं.

पहिली पायरी कागदाशिवाय. 'ससा'तला पहिला आवाज कोणता? 'कमळ'मधून 'क' काढला तर काय उरतं? 'परळ'मधला 'प' काढून 'त' घातला तर? 'नाक' उलटं म्हटलं की काय होतं? असे सहा-सात प्रश्न. पाच वर्षांच्या पुढचं मूल निम्म्याहून जास्त ठिकाणी अडखळत असेल तर त्याला अजून शब्दातले आवाज सुटे ऐकू येत नाहीत, आणि त्याला अक्षरं गिरवायला लावणं म्हणजे घोड्यापुढे टांगा जोडणं. नंतर वीस अक्षरं, वर्णमालेच्या क्रमाने नव्हे, विस्कटून लिहा आणि वाचायला सांगा. कुठलं चुकलं आणि त्याच्याऐवजी काय म्हटलं, दोन्ही लिहून ठेवा. तिसरं, अर्थ नसलेले शब्द: डोमुक, गिबळ, सेफू, टुकेप. ही पायरी बहुतेकजण गाळतात आणि तिथेच सगळं लपलेलं असतं. पाठ्यपुस्तक घडाघडा 'वाचणारं' मूल अनेकदा धडा पाठ म्हणत असतं. 'डोमुक' पाठ केलेला नसतो, तो वाचावाच लागतो. मग सहा-आठ ओळींची गोष्ट तुम्ही वाचून दाखवा आणि चार प्रश्न विचारा. शेवटी पाच शब्दांचं श्रुतलेखन आणि एका ओळीचं अनुलेखन, म्हणजे बघून लिहिणं.

आता ताडून बघा. गोष्ट ऐकून सगळी उत्तरं बरोबर, पण 'डोमुक' येत नाही: भाषा आहे, अक्षरं कच्ची. 'डोमुक' फटाफट, पण गोष्टीतलं काही कळलं नाही: अक्षरं आहेत, भाषा कमी, याला बाराखडीची उजळणी देणं हा वेळेचा अपव्यय, याला गोष्टी वाचून दाखवा आणि त्याच्याशी बोला. अनुलेखन सुरेख पण श्रुतलेखन कोरं: हे मूल चित्र काढतंय, लिहीत नाहीये. आणि दोन्ही येतं पण हस्ताक्षर वेडंवाकडं, हात लगेच दुखतो: अडचण बोटांची आहे, वाचनाची नाही.

मुंबईत आणखी एक गोष्ट यात मिसळते, घरची बोली. आगरी, मालवणी, अहिराणी बोलणारी घरं आहेत, भोजपुरी आणि बंबईया हिंदीवाली आहेत. 'पाणी'ला 'पानी' म्हणणारं मूल 'पानी' लिहिणारच. त्याचा कान उत्तम चालतोय, तो घरात जे येतं तेच ऐकतोय. हिंदीत ळ नाही, म्हणून 'काळा'चं 'काला' होतं. याला 'चूक' म्हणून लाल शाईने रंगवण्यापेक्षा अर्थ बदलणाऱ्या जोड्या द्या: वेळ-वेल, काळ-काल, मण-मन. तुम्ही 'वेल' म्हटलं की मुलाने वेलीच्या चित्रावर बोट ठेवायचं, 'वेळ' म्हटलं की घड्याळावर. आठवडाभर रोज दोन मिनिटं. घरची बोली टाकायची नाही, पुस्तकातला आवाज तिच्या शेजारी ठेवायचा.

अक्षरं कच्ची असतील तर सुरुवात कुठून? अ अननसाचा पासून ज्ञ पर्यंत जाऊन मग शब्द, हा लांबचा रस्ता. कागदावर ३४ व्यंजनं आणि, २००९ च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ आल्यापासून, प्रत्येकाची चौदाखडी म्हणजे पावणेपाचशेच्या घरात आकार होतात. जोडाक्षरं निराळीच. कन्नड मुलांवर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासात अक्षरांची ओळख चौथीपर्यंत वाढतच राहिलेली दिसली. आपली लिपी त्याच घराण्यातली. त्यामुळे इंग्रजीची २६ अक्षरं वर्षात झाली आणि मराठी अजून चालूच आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. पण पावणेपाचशे आकार पाठही करायचे नसतात. ३४ व्यंजनं आणि १३ खुणा, मिळून पन्नासच्या आत; बाकी सगळी जोडणी.

म्हणून क, म, ळ, न, र आणि एक काना, एवढ्यावर थांबा. यातून नाक, कान, मान, माळ, मका, काका, मामा, कमळ, कमान, नारळ असे दहा शब्द होतात. पाच अक्षरांत मूल खरं वाचतं, आणि खरं वाचलं की पुढची पाच मागून घेतं. वाचताना 'क... म... ळ...' असं तोडून म्हणवू नका. सुटं 'क' म्हणताना मागे 'अ' चिकटतो, मग 'कअमअळअ' होतं आणि त्यातून 'कमळ' ऐकू येत नाही. मराठीत शेवटचा अ आपण गिळतो, हे मुलाला अजून माहीत नसतं. त्याऐवजी वाढवत न्या: क, कम, कमळ. ना, नार, नारळ.

एका अक्षराला डोळा, कान, तोंड आणि हात एकाच वेळी लावणं ही पद्धत जुनी आहे. मॉन्टेसोरीची खरखरीत कागदाची अक्षरं त्यातलीच. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासोबत कोसबाडला नेलं, तेव्हा विकतच्या महागड्या साधनांऐवजी आजूबाजूच्या वस्तू वापरल्या. मुंबईच्या दहा बाय दहाच्या खोलीतही स्टीलच्या ताटात रव्याचा पातळ थर पुरतो, ताटाचा तळ बोटाने उघडा पडेल इतका. जाड थर दिला की रेघ ढासळते. पावसाळ्यात रवा ओलसर होऊन चिकटतो, तो कोरडा भाजून घ्यायचा.

मात्र गिरवण्यावर फार भिस्त ठेवू नका. अमेरिकेत करिन जेम्स यांनी अजून वाचू न शकणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना काही अक्षरं स्वतः लिहायला दिली, काही टिंबांवरून गिरवायला, काही कीबोर्डवर दाबायला. नंतर मेंदूचे स्कॅन घेतले. वाचनाशी संबंधित भाग स्वतः हाताने लिहिलेल्या अक्षरांनाच ठळक प्रतिसाद देत होता. कारण कळण्यासारखं आहे: गिरवताना पुढचं टिंब हाताला ओढतं, आकार आठवावा लागत नाही. टीव्ही बघत 'ग' शंभरदा गिरवता येतो आणि एकदाही 'ग' मनात येत नाही. म्हणून प्रमाण असं ठेवा: दोनदा बघून, आवाज मोठ्याने म्हणत; मग रवा सारखा करून एकदा न बघता; चुकलं तर मूळ अक्षर दाखवून पुन्हा न बघता. शिरोरेषा सगळ्यात शेवटी. दहा मिनिटं पुष्कळ झाली.

पहिली वेलांटी इथेच छळते. 'कि' म्हणताना आधी क येतो, मग इ, पण वेलांटी क च्या डावीकडे दिसते. डावीकडून उजवीकडे लिहायची सवय लागलेलं मूल वेलांटी आधी काढतं, तोवर कुठलं अक्षर लिहायचं होतं ते विसरतं, आणि ती मागच्या अक्षराला चिकटते. उपाय साधा: डावीकडे बोटभर जागा सोडून आधी क लिहायचा, मग मागे जाऊन वेलांटी. तोंडाचा आणि हाताचा क्रम जुळतो. मोबाइलच्या देवनागरी कीबोर्डवरही असंच आधी क, मग वेलांटी दाबायची असते.

सरावासाठी वेगळं पुस्तक नको, रेल्वेचा नकाशा पुरे. परळ: काना-मात्रा काही नाही. खार, दादर, वडाळा: काना. पनवेल, शीव, मुलुंड, चेंबूर: एकदोन नव्या खुणा. कल्याण, जोगेश्वरी: जोडाक्षर. आणि र ची रूपं: कुर्ला, चर्चगेट मध्ये रफार, विक्रोळी मध्ये क्र, 'मेट्रो' मध्ये ट्र, पायाखालची छोटी टोपी, चौथं 'किनाऱ्यावर' मधलं. चारही रूपं एका दिवशी शिकवायची नाहीत. रफारासाठी कागदाचे तीन तुकडे करा: कु, र्, ला. मूल शब्द म्हणत तुकडे ओळीत मांडतं, मग र् चा तुकडा उचलून ला च्या डोक्यावर ठेवतं. आवाज कुठला आणि त्याने उडी कुठे मारली, दोन्ही हाताने कळतं. सँडहर्स्ट रोड शेवटी ठेवा, तो मोठ्यांनाही नीट लिहिता येत नाही.

अक्षरं जमली की वेग. केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' अभियानात दुसरीच्या अखेरीला मिनिटाला ४५ ते ६० आणि तिसरीच्या अखेरीला किमान ६० शब्द, समजून, असं लक्ष्य आहे. हा आकडा घड्याळ लावून मुलाच्या डोक्यावर नाचवू नये, कारण 'घरासमोरच्या' हाही एकच शब्द मोजला जातो. पण मिनिटाला वीस शब्दांवर अडलेलं मूल वाक्याच्या शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात विसरतं, हेही खरं. तोच परिच्छेद तीन-चार दिवस रोज एकदा, आधी तुम्ही वाचून, मग सोबत, मग एकट्याने. नवीन अक्षर आज, उद्या, चार दिवसांनी आणि आठवड्याने पुन्हा विचारा. एका रविवारी दोन तास बसवण्यापेक्षा हे बरं, आणि रात्री आठला दमून घरी पोहोचणाऱ्या आईबाबांना झेपणारंही.

तीस-चाळीस मुलांच्या वर्गात काय करायचं? मुंबईकडे याचं उत्तर घरचंच आहे. १९९५ मध्ये इथे सुरू झालेल्या 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेची वाचन तपासणी मुलाला पाच पातळ्यांवर ठेवते: प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. गट या पातळीप्रमाणे करायचे, इयत्तेप्रमाणे किंवा शैलीप्रमाणे नाही. चौथीतलं अक्षरावर अडलेलं मूल अक्षराच्या गटात, आणि पुढे गेलं की त्याच आठवड्यात गट बदल. मुंबई आणि वडोदऱ्यात 'बालसखी' नावाने मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना वस्तीतल्याच तरुणींकडून रोज दोनेक तास वेगळं शिकवण्याचा प्रयोग झाला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मोजणीत मुलांचे गुण वाढलेले दिसले, जास्त करून गणितात. शैलीचा गट एकदा लागला की कायमचा चिकटतो. पातळीचा गट मात्र बदलण्यासाठीच असतो.

हे सगळं तीन-चार महिने नेमाने करूनही मूल जागचं हलत नसेल, ऐकून उत्तम समजतं पण वाचताना एकाच ओळीत तोच शब्द तीन प्रकारे वाचतं, घरात आणखी कुणाला लहानपणी असा त्रास होता असं कळलं, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातच मुळात येणाऱ्या अडचणीची, तपासणी करून घ्यावी. इंग्रजीतले बी-डी उलटे लिहिणं ही एकटी खूण नाही. सात वर्षांपर्यंत ते बऱ्याच मुलांत दिसतं. तपासणीची सोय महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत, उदाहरणार्थ शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आहे. डोळे, कान, बुद्ध्यांक आणि शैक्षणिक चाचणी असे टप्पे असतात, एका फेरीत काम होत नाही, तेव्हा शाळेच्या वह्या आणि प्रगतिपुस्तक पहिल्याच दिवशी सोबत न्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता समाविष्ट आहे आणि त्या प्रमाणपत्रावर परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. प्रमाणपत्र मूल साधारण आठ वर्षांचं झाल्यावरच देतात. शिकवणं मात्र त्यासाठी थांबवायचं नाही: त्याला लागतं तेही हेच, रव्याचं ताट, तुकडे आणि परळ-दादर, फक्त पायऱ्या लहान आणि उजळणी तिप्पट.